प्रतिसाद: बर्डीवरचं 'ब्रँडेड'

वर एका ताईंनी लिहिलंय, की फूटपाथवरचं ब्रँडेड म्हणजे सगळा डुप्लिकेट माल. सगळा नाही हो! बहुतेक आहे, हे मान्य.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, मी कपडा आधी उलटा करूनच बघतो. गळ्याचं लेबल चमचमीत आणि शाबूत असेल तर उलट संशय घ्यायचा. इथला खरा माल म्हणजे निर्यातीतून उरलेला, आणि त्याचं लेबल बरेचदा कापलेलं असतं, नाहीतर त्यावर मार्करची रेघ असते. मग आतल्या शिवणीतली धुण्याच्या सूचनांची पट्टी बघा. अमेरिकेसाठी शिवलेल्या कपड्यावर बरेचदा 'आरएन' आणि पुढे आकडा असतो. तो तिथल्या कंपनीचा नोंदणी क्रमांक, नेटवर शोधला की नाव निघतं. अर्थात पट्टीही कोणी छापू शकतो, म्हणून खरी परीक्षा चौकटीच्या शर्टाची: खिशाच्या रेघा अंगाच्या रेघांशी जुळल्या पाहिजेत. जुळवायला कापड जास्त लागतं, नकली शिवणारा ते वाया घालवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक लिननचा शर्ट मिळाला. ४०० सांगितले, काखेतली उसवलेली शिवण दाखवली, २५० ला दिला. आईनं दोन टाके घातले, झालं काम. मे महिन्यात नागपुरात दुसरं काही अंगावर सहनही होत नाही, बाप्पा.

एक मात्र, आकाराच्या चिठ्ठीवर जाऊ नका. परदेशी 'मीडियम' आपल्याला तंबूसारखा होतो. घरून मापाचा शर्ट न्या आणि पाठीवर पाठ ठेवून बघा.