शिकाऱ्यांचे डाव कॅमेऱ्यासाठी खेळले तर काय बिघडलं?

उमरेडरोडवाला: आमचे आजोबा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी परवाना काढून बदकं मारायचे. बंदूक गेली पण त्यांचे डाव माझ्या कामी येऊन राहिलेत. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदकं उथळ पाण्यात शेपटी वर करून चरतात, दचकले की जागेवरूनच सरळ वर, म्हणून त्यांच्यासाठी काठाला दडून बसायचं. अन् बदक वाऱ्याला तोंड करून उतरते, म्हणजे वारा आपल्या पाठीवर घ्यायचा. परवा पारडगाव तलावावर अंधारातच बेशरमच्या झुडपात गोणपाट पांघरून बसलो, तासभर काहीच नाही, पाय बधिर, वरून मच्छर, मग चक्रांगांचा थवा असा समोर उतरला की पंखातला हिरवा पट्टा उघड्या डोळ्यानं दिसला. पण लालसरी अन् शेंडी बदक बुडी मारणारे, मधल्या खोल पाण्यात असतात, त्यांच्यासाठी डोंगा, म्हणजे छोटी होडी, लागतोच. चूक आहे का?

चक्रवाक_ताई: झुडपापर्यंत ठीक, डोंगा अजिबात नको. लालसरीला उडायच्या आधी पाण्यावर धावत जावं लागते, केवढा जोर लागतो. हिमालयापलीकडून आलेल्या पाखराला दिवसातून चारदा पळवायचं, कशासाठी, तुमच्या डीपीसाठी?

धापेवाडेकर: ताई, ढिवर लोक रोज डोंग्यानं जाळं टाकतात, तेव्हा नाही उडत बदकं. फोटोवाल्यानंच काय घोडं मारलं?

चक्रवाक_ताई: भाऊ, ढिवर आपल्या जाळ्याकडे जातो, तुम्ही बदकाकडे जाता. बदकाला फरक बरोबर समजते.

उमरेडरोडवाला: हे मात्र खरं. आजोबा पण सरळ नाही जायचे, तिरकं तिरकं, दुसरीकडेच पाहत.

बर्डीचा_बाळू: वा! म्हणजे शिकारीचाच क्लास चालू आहे. अजूनही लोक फासे लावतात बे, अन् तुम्ही कोणतं बदक कुठं बसते, कसं गाठायचं, तलावाच्या नावासकट लिहून राहिले. काढा ते नाव.

धापेवाडेकर: फासे लावणाऱ्याला या धाग्याची गरज आहे काय? तो तिथलाच असते.

बर्डीचा_बाळू: तिथला नसलेलाही असते.

उमरेडरोडवाला: नाव काढतो, पण एडिटचं बटणच दिसून नाही राहिलं. डोंग्याचं मात्र अजून पटलं नाही, रविवारी काठावरूनच पाहतो, लालसरी किती जवळ येते ते.

चक्रवाक_ताई: नाही येणार. दुर्बीण आणा.