डिप्लोमा संपत आलाय, फिटचा त्रास आहे, कंपनीत जाऊ की दुसरं काही बघू?

पिंपळगावकर_मेकॅनिकल

नमस्कार सगळ्यांना. वय २१, नाशिकला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर पिंपळगाव बसवंतला. पप्पांच्या दोन पिकअप आहेत, सीझनला द्राक्ष, नंतर टोमॅटो कांदा जे भाडं मिळेल ते, आणि लहानपणापासून ठरलेलंच होतं की शिकलो तरी एक गाडी मी सांभाळायची. डिसेंबरमध्ये सबमिशनसाठी दोन रात्री जागलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सीबीएसला बसमधून उतरल्या उतरल्या फिट आली. शुद्धीवर आलो तेव्हा कोणीतरी नाकाला चप्पल लावून बसलं होतं आणि जीभ चावली गेली होती. मार्चमध्ये परत एकदा, ती पण सकाळीच. ईईजी, एमआरआय झालं, गोळ्या चालू आहेत, तेव्हापासून फिट नाही. फक्त सकाळी कधीकधी हाताला झटका बसतो, दोनदा चहाचा कप उडाला, पण ते अर्धवट झोपेमुळे असेल म्हणून डॉक्टरांना काही बोललो नाही.

डॉक्टर म्हणाले गाडी चालवायची नाही, उंचीवर काम नाही, जागरण नाही. पप्पा ऐकून काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी माझ्या बाईकची चावी खुंटीवरून काढून कपाटात ठेवली फक्त.

आता कॉलेजमधून अंबडच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून सिलेक्शन झालंय, प्रेस शॉप म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवायच्या मशीनचा विभाग, तीन शिफ्ट. मेडिकल फॉर्म भरायचाय. मामा म्हणतो फिटचं अजिबात लिहू नको, नोकरी जाईल आणि उद्या लग्नाचंही अवघड होईल. काय करू? कॅड शिकून कॉम्प्युटरवर बसायचाही विचार आहे पण स्क्रीनने फिट येतात म्हणे, खरं आहे का?

गेज_आणि_व्हर्नियर

भाऊ, प्रेस शॉपला जाऊ नको, हे आधी सांगतो, बाकी नंतर वाच.

मी ३९ चा, १७ व्या वर्षापासून फिटचा त्रास, २००८ पासून सातपूरला कामाला. सुरुवातीला लेथवर होतो आणि कोणालाही सांगितलं नव्हतं, तुझ्या मामासारखाच सल्ला मलाही मिळालेला. एकदा नाईटला जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, मशीनच्या चकमध्ये पकडला, मशीन चालू करणार तेवढ्यात पडलो. चालू करायच्या आधी पडलो म्हणून आज दोन्ही हात आहेत. शेजारच्या मशीनवरच्या पोराला काहीच माहीत नव्हतं, त्याने घाबरून जीभ चावू नये म्हणून तोंडात कॉटन वेस्ट कोंबलं. श्वास अडकला असता. त्याची काय चूक, मीच त्याला अंधारात ठेवलं होतं.

त्यानंतर डॉक्टरांचं पत्र नेऊन साहेबांना सगळं सांगितलं. आठ दिवस झोप नव्हती की आता काढतात का काय. काढलं नाही, क्वालिटीला टाकलं. आज सीएमएम चालवतो, म्हणजे तयार जॉबची मापं तपासणारं मशीन. खोली २० डिग्रीला, जॉब ग्रॅनाइटच्या टेबलावर, प्रोब एकेक पॉइंट घेतो आणि स्क्रीनवर मायक्रॉनमध्ये फरक दिसतो. पहिल्यांदा मी एका बोअरची ओव्हॅलिटी, म्हणजे भोक पूर्ण गोल नाही हे, पकडली आणि आख्खी लॉट थांबवली तेव्हा वाटलं की हे काम आपलं आहे. मला दिलेली सवलत नाही ही, मी यात चांगला आहे.

म्हणून कंपनीचं नाव आणि पगार बघायच्या आधी एक बघ, दिवसभर तू उभा कुठे असणार आणि तिथे दोन मिनिटं शुद्ध गेली तर काय होईल. प्रेस, लेथ, फर्नेस, क्रेन, फोर्कलिफ्ट यांना नाही म्हण. क्वालिटी, डिझाईन, प्लॅनिंग, स्टोअर, सीएनसी प्रोग्रामिंग, भरपूर आहे. आणि नाईट नको. तुझ्या फिटच्या आधी दोन रात्रींचं जागरण होतं हे तूच लिहिलंयस.

मेडिकलवाली_ताई_नाशिकरोड

अरे बाळा, तो चहाचा कप उडतो ना, ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करून सांग. सकाळचे असे झटके हा फिटच्याच एका प्रकाराचा भाग असू शकतो आणि काही गोळ्यांनी ते उलट वाढतात, त्यामुळे गोळी कोणती द्यायची हे यावर ठरतं. मी फार्मासिस्ट आहे, गोळी मी सांगणार नाही.

काउंटरवर रोज बघते, सहा महिने फिट नाही आली की लोक आपल्या मनाने गोळ्या बंद करतात, एकादशीला उपवास म्हणून त्या दिवशीची गोळी सोडतात. असं करू नको. गोळ्या नीट घेतल्या तर ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात.

स्क्रीनचं म्हणशील तर प्रकाशाने फिट येणारे शंभरात साधारण तीन असतात. ईईजी करताना डोळ्यांसमोर लाईट चमकवला होता का आठव, त्यात काय आलं ते रिपोर्टमध्ये असतं.

आणि घरी, रूमवर, सगळ्यांना सांगून ठेव, चप्पल कांदा काही नाही, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८.

मामांना म्हणावं लग्नाच्या कायद्यात पूर्वी फिटचा उल्लेख होता, तो १९९९ ला काढून टाकलाय. लपवून लग्न मात्र कधीच करू नको, मुलीला आधी सांगायचं.

एचआर_मध्ये_१२_वर्षं

फॉर्मबद्दल माझं मत. प्रश्न विचारला असेल तर खोटं लिहायचं नाही, नंतर कळलं तर आजार बाजूला राहतो आणि खोटं बोलला हे कारण होतं. विचारलंच नसेल तर इंटरव्ह्यूत पहिल्या वाक्याला सांगायची सक्ती नाही, पण जॉइन व्हायच्या आधी 'नाईट नको, मशीनवर नको, बाकी सर्व काम चालेल' असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घे आणि ते दे. नुसतं 'एपिलेप्सी आहे' एवढंच लिहिलेलं पत्र आलं की आमच्यातला माणूस घाबरतो, काय चालेल ते लिहिलेलं असलं की जागा शोधता येते. सगळीकडे समजून घेतील असं मी म्हणणार नाही, नकारही येतील.

दिव्यांग सर्टिफिकेटच्या भरवशावर राहू नको, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत पण फिटचं स्वतंत्र नाव नाही. आणि गाडीचं तर विचारूच नको, लायसन्सच्या फॉर्म १ मध्येच फिटबद्दल सरळ प्रश्न आहे.

भाडेवाला_दिंडोरी

फक्त गाडीबद्दल लिहितो. माझ्या चार गाड्या आहेत आणि मी स्वतः सात वर्षं स्टेअरिंगला हात लावला नाही, पाठीमुळे. भाडं धरणं, बाजार समितीत माल कधी भरणार ते विचारणं, ड्रायव्हर, इन्शुरन्स, पासिंग, टायर, डिझेलचा हिशोब, धंदा यातच आहे. तू मेकॅनिकलवाला, गॅरेजवाला तुला फसवू शकणार नाही. पप्पा बोलत नाहीत म्हणजे रागावलेत असं समजू नको, पोरगा रस्त्यावर पडला ते त्यांच्या डोळ्यासमोरून जात नसेल.

पिंपळगावकर_मेकॅनिकल

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं. डॉक्टरांना फोन केला, झटक्याचं ऐकून त्यांनी सोमवारीच बोलावलंय. प्रेस शॉपला नाही म्हणणार, त्याच कंपनीत क्वालिटीला ट्रेनी घेतात का ते सरांना विचारायला सांगितलंय. पप्पांना भाडेवाला काकांचं वाचून दाखवलं, ते उठून बाहेर गेले, थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले सोमवारी मी येतो सोबत.

गेज दादा, सीएमएम शिकायला आधी काय यावं लागतं?

गेज_आणि_व्हर्नियर

ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवर आकार किती अचूक हवा ते दाखवायची खुणांची पद्धत, पक्कं कर, ते सिम्बॉल झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज हाताने वापर, कॉलेजच्या लॅबमध्ये आहेत ते धूळ खात पडलेले असतील. सॉफ्टवेअर नंतर येतं. डॉक्टर काय म्हणाले ते सोमवारी इथेच लिही.