कृष्णाई विहार, औसा रोड (फक्त सूचना)

पाटील काका बी-२०१: सेक्रेटरी साहेब, रविवारच्या डोळ्याच्या शिबिराच्या चिठ्ठ्या बघितल्या का? एकाला नुसतं इंजेक्शन, एकाला नुसतं लेझर, बी विंगमध्ये एकाला दोन्ही. शुगर तर सगळ्यांचीच. मग हा भेदभाव कामून?

बिराजदार सेक्रेटरी: काका, शिबीर फुकट होतं. चहासुद्धा सोसायटीचा.

पाटील काका बी-२०१: चहाचं कोण बोललं? आणि चहाचा हिशेब कुठंय, ते वेगळं.

जाधव वहिनी ए-१०१: आधी तो चिठ्ठीचा फोटो काढा ग्रुपवरून. नाव दिसतंय.

मुंडे सर ए-४०२: सरळ गणित आहे. लेझर एकदा, सुई दर महिन्याला. लेझर करून मोकळं व्हा.

डॉ. देशपांडे सी-३०२: एकदा नाही हो सर. पूर्ण पडद्याचं लेझर म्हणजे १२०० ते १६०० ठिपके, एक ते तीन बैठकांत. मधला भाग सोडून कडेचा पडदा भाजतात. तिथली ऑक्सिजनची मागणी घटते, मग नव्या कच्च्या रक्तवाहिन्या सुकतात. बदल्यात कडेची आणि रात्रीची नजर थोडी जाते. मध्यभागी सूज असताना आधी लेझर केलं तर सूज वाढू शकते. चिठ्ठीवर पीडीआर म्हणजे कच्च्या वाहिन्या, डीएमई म्हणजे मधली सूज. दोन्ही लिहिलंय त्याला आधी सुई, मग लेझर.

पाटील काका बी-२०१: आणि नुसती सूज असेल तर?

स्वाती ताई ए-३०४: तर सुई पुढे, लेझर राखीव. अमेरिकेतल्या डीआरसीआर नेटवर्कच्या (शुगरनं बिघडणाऱ्या डोळ्यांवर संशोधन करणारा गट) २०१० च्या अभ्यासात वर्षभरात नुसत्या लेझरला नजर तपासायच्या चार्टवर सरासरी ३ अक्षरं वाढली, रॅनिबिझुमॅबच्या (सूज आणि कच्च्या वाहिन्या दाबणारं औषध) सुईसोबत लेझरला ९. ते लेझर लगेच केलं काय नि सहा महिने थांबून गरजेप्रमाणे केलं काय, वर्षाअखेर फरक नाही.

मुंडे सर ए-४०२: लेझर एकदा, सुई दर महिन्याला.

जाधव वहिनी ए-१०१: सर, तुमचं एकदा म्हणणं दर पाच मिनिटाला येतंय 😄 फोटो अजून तिथंच आहे.

शेख भाई मेडिकल: खर्चाचं मी सांगतो. त्याच कामाचं दुसरं औषध बेवासिझुमॅब स्वस्त पडतं, कारण कॅन्सरच्या १०० मिलिग्रॅमच्या व्हायलमधून (औषधाची छोटी बाटली) डोळ्यासाठी १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ मिली काढतात. एका व्हायलमधून बऱ्याच सुया भरतात, गडबड तिथंच होते. कुणी भरलं, व्हायल कधी उघडली, २ ते ८ अंशात ठेवली का, हे विचारायला लाजू नका. फ्रीझरमध्ये गोठलेलं चालत नाही.

पाटील काका बी-२०१: मग सुईला स्टेरॉइडची जोड दिली तर दुप्पट फायदा, असं फॉरवर्ड आलंय.

डॉ. देशपांडे सी-३०२: फॉरवर्ड दुप्पट लवकर येतं, बाकी काही नाही. सुया घेऊनही सूज हटत नव्हती अशा डोळ्यांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची बारीक कांडी डोळ्यात सोडून सुईला जोड दिली. २४ आठवड्यांनी सूज जास्त उतरली, नजर मात्र नुसत्या सुईएवढीच. वर २९ टक्के डोळ्यांत डोळ्याचं प्रेशर वाढलं. मोतीबिंदूही लवकर पिकतो. ज्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि काचबिंदू नाही, त्याच्यासाठी ती कांडी विचारात घेता येते.

बिराजदार सेक्रेटरी: टँकर ६ वाजता. मोटर कुणीही परस्पर चालू करू नये 🙏

पाटील काका बी-२०१: मागच्या वेळी परस्पर कुणी केली ते सगळ्यांना माहीत आहे.

मुंडे सर ए-४०२: माझ्याकडे बोट नको. मी लेझरचं बोलतोय. एकदा लेझर, सुई दर महिन्याला.

स्वाती ताई ए-३०४: सरांचं यावेळी अर्धं बरोबर. पीडीआरमध्ये नुसत्या सुईनं दोन वर्षांनी नजर लेझरइतकी टिकते, हे २०१५ ला दिसलं. पण ते वेळेवर येणाऱ्यांचं. औषध डोळ्यात जेमतेम महिनाभर पुरतं. सहा महिन्यांहून जास्त गायब राहिलेल्यांमध्ये पडदा ओढून सुटण्याचं प्रमाण नुसत्या सुईवाल्यांत जास्त निघालं, लेझरवाल्यांत कमी.

डॉ. देशपांडे सी-३०२: म्हणून मी आधी माणूस विचारतो. सोयाबीन काढणीत दोन महिने फिरकणार नसेल तर सुईसोबत लेझर. आणि डोळ्यात पांढरे पापुद्रे धरले असतील तर नुसती सुई उलटू शकते, पापुद्रे आकसून पडदा ओढतात. तिथं सुई पापुद्रे काढायच्या ऑपरेशनच्या आधी थोडे दिवसच द्यायची.

शेख भाई मेडिकल: सुईनंतर दोन-चार दिवसांत दुखणं वाढलं, नजर गढूळ झाली तर रात्र काढू नका. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण डोळा नेतो.

पाटील काका बी-२०१: बरं. बी विंगच्या त्यांची पुढची सुई दसऱ्याच्या आसपास आहे, शेतावर असतील. लेझर आधी बसतं का?

डॉ. देशपांडे सी-३०२: ओसीटी, म्हणजे पडद्याची सूज दाखवणारा स्कॅन, घेऊन उद्या या म्हणावं. सूज उतरली असेल तर लगेच पहिली बैठक.

जाधव वहिनी ए-१०१: फोटो???

बिराजदार सेक्रेटरी: टँकर आला. मोटर मुंडे सरांच्या मजल्यावरून चालू झालीय.

मुंडे सर ए-४०२: एकदाच केली.