सिस्टर, बाई की नुसतं नाव? परिचारिकांनो, गाव बदललं तेव्हाचे अनुभव सांगा

लातूरला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, तिथंच चार वर्षं खासगीत काढली आणि मग मुंबईला आले. लातूरला डॉक्टर राउंडला आले की आम्ही उभ्या, फाईल हातात, मान खाली. मुंबईत आमच्या इन्चार्ज सिस्टर मोठ्या सरांना तोंडावर सांगायच्या, "सर, ऑर्डर लिहून द्या, तोंडी नको." मी बघतच राहिले. शिवाय निम्मा स्टाफ केरळचा. 'चेच्ची' म्हणजे ताई, हे पहिल्याच नाईटला कळलं. ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सांगताना, त्या आपसात काय बोलतात ते कळायला वर्ष गेलं.

तुम्हाला काय वेगळं वाटलं? रुग्णालयाचं नाव नको, फक्त भाग सांगा.

नागपूर ते भामरागड

तिथं 'सिस्टर' कुणी म्हणत नाही. बाई, नाहीतर नर्सबाई. आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र असा नियम आहे, पण ते ३,००० लोक जंगलातल्या टोल्यांवर विखुरलेले. पर्लकोटेला पूर आला की खुद्द भामरागडचा रस्ता बंद, मग आमचं काय विचारता! बाळंतपण अडलं तर थांबायचं की हलवायचं हे मीच ठरवायचं. माडिया येत नव्हती, आशाताई दुभाषी. पेशंट पाच मिनिटं बोलायची आणि ताई मला सांगायच्या, "हो म्हणते."

बदली होऊन परत नागपूरला आले, तर साधं सलाईन बंद करायलाही विचारावं लागे. आधी हसू आलं, मग राग.

कोल्हापूर ते इंग्लंड

कन्सल्टंट, म्हणजे तिथले मोठे डॉक्टर, पहिल्याच दिवशी म्हणाले, मला नावानं हाक मार. मी आठवडाभर त्यांना हाकच मारली नाही, नुसती समोर जाऊन उभी राहायचे.

खरा धक्का वेगळाच होता. आपल्याकडं स्पंजिंग, भरवणं, कूस बदलणं हे बरंचसं नातेवाईक आणि मावशी करतात. आम्ही इंजेक्शनं, सलाईन आणि रजिस्टरं. इथं रात्री पेशंटजवळ सहसा घरचं कुणी नसतं. हेल्थकेअर असिस्टंट असतात, पण त्या दुसऱ्या बेडला अडकल्या की बेडपॅन मीच द्यायचं. कमीपणा वाटला, खोटं कशाला बोलू? बारा वर्षांची नोकरी झालेली आणि म्हाताऱ्या माणसाचं अंग पुसताना हात अवघडत होते.

एका आजोबांना कुशीवर वळवलं तर माकडहाडापाशी लाल चट्टा. दाबून पाहिला, लाली जाईना. बेडसोरची सुरुवात, कातडी फाटायच्या आत सापडली. कोल्हापुरात तो आधी मावशींना दिसला असता आणि मावशींना कुणी विचारलं नसतं.

नाशिक ते सौदी (ब्रदर)

नाशिकला पेशंट मला डॉक्टर समजायचे, नाहीतर "सिस्टर कुठायत?" म्हणून विचारायचे. इथं पुरुषांच्या वॉर्डात आम्हीच, त्यामुळे तो प्रश्न मिटला. रमझानमध्ये मुस्लिम सहकाऱ्यांची ड्यूटी कायद्यानं सहा तासांची. उरलेले तास आम्ही भरतो. त्याबद्दल तक्रार नाही, ईदला ते बिर्याणी आणतात. तक्रार पगाराची. काम एकच, पण आकडा पासपोर्ट बघून ठरलेला.

सोलापूर, सरकारी

इंग्लंडच्या ताई, मावशींना कुणी विचारत नाही हे सगळीकडं खरं नाही हो. नाईटला चाळीस पेशंट आणि मी एकटी. मावशी दारातून म्हणाल्या, "बाई, अकरा नंबर बरा दिसंना," की हातातलं टाकून पळते. एकदा बीपी बघितलं तर वरचं सत्तर! मावशींनी फक्त पाय पुसताना गार लागले म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनी नंतर मला शाबासकी दिली, मी मावशींचं नाव सांगितलं, ते हसून पुढच्या बेडला गेले.

म्हणजे तुमचंही बरोबरच म्हणायचं. मावशी कंत्राटी आहेत, दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर. यंदाची अजून आलेली नाही.