ऊन पडलं म्हणजे धोका गेला असं नाही

वर कोणीतरी लिहिलंय की हिमालयात बर्फ पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं की बिनधास्त चढायचं, प्लीज असं करू नका, ताज्या बर्फानंतरचे एकदोन दिवसच सगळ्यात घातक, कारण वरचा थर खालच्याला नीट धरलेला नसतो आणि ३० ते ४५ अंशाच्या उतारावर चढणाऱ्याच्याच वजनाने बर्फाची अख्खी लादी सुटते, म्हणजेच हिमस्खलन होतं. मी बोरिवलीचा, दर रविवारी सह्याद्रीत, वाटायचं हरिश्चंद्रगडाची अवघड नळीची वाट केलीय, मग काय. मनालीच्या वर एकदा पाय टाकला आणि बर्फाखालून धप्प असा दबका आवाज आला, बुटापासून केसाएवढी चीर सरसर पुढे गेली, म्हणजे लादी सुटायची खूण. गाईडने हात वर केला, आल्या पावली मागे नेलं. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ ला हिमस्खलनात २९ जणांचा जीव गेला, तेही गिर्यारोहण शिकणारे आणि शिकवणारेच होते हो.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच. गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत काढलं तरच खरी आशा, खालून मदत यायला तेवढा वेळ नसतो, काढणार ते बरोबरचेच. जानेवारीत जाताय ना, मग पैसे भरायच्या आधी ट्रेकवाल्याला ही तिन्ही साधनं प्रत्येकाला मिळणार का ते विचारा.