वस्तऱ्याची मुठीकडची धार दगडाला लागत नाही, मदत हवी आहे

झोलिंगेनचा (जर्मनीतलं पात्यांसाठी प्रसिद्ध शहर) जुना वस्तरा आहे, पातं ५/८ इंच रुंद. १०००, ४०००, ८००० ग्रिटचे (आकडा मोठा तितका दगड बारीक) धारेचे दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. टोकापासून मध्यापर्यंत हातावरचे केस अलगद उडतात. मुठीकडचा शेवटचा सेंटीमीटर मात्र ठार बोथट. धारेला मार्कर फासला तर तिथली शाई १००० वरही पुसली जात नाही, म्हणजे पट्ट्याचा दोष नाही. दगड घासून सपाट केलेत, पातं काचेवर ठेवून पाहिलं, वाकलेलं नाही. संशय हा, की मुठीजवळचा जाड भाग दगडावर चढतो आणि धार उचलली जाते. दाब वाढवणार नाही. पातळ पातं लवतं, पाठही झिजते. ग्राइंडर नाही. मग जाड भाग दगडाच्या कडेबाहेर ठेवून तिरका हात मारायचा, की मुठीकडचा कोपराच घासून गोल करायचा? करायचा तर कितपत?