टायमिंग बेल्ट चढवल्यावर लगेच सेल मारू नका

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा पट्टा, बदलण्याबद्दल एकांनी लिहिलंय, ‘खुणा जुळल्या, बेल्ट चढला की गाडी चालू करून बघा.’ कृपया असं करू नका. रेनो डस्टरच्या १.५ डिझेल इंजिनात टायमिंग (क्रँक-कॅमचा मेळ) जास्त चुकलं तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आपटतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायची वेळ येते.

टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) कसल्यावर लॉकिंग पिना (क्रँक-कॅम जागेवर धरून ठेवणाऱ्या) काढा. मग क्रँकच्या बोल्टला लांब रॅचेट लावून इंजिन चालतं त्याच दिशेने हाताने सावकाश २ पूर्ण फेरे द्या; तेवढ्यात कॅमचा १ फेरा होतो. मध्येच कुठे अडलं तर जोर लावू नका, बेल्ट उतरवून पुन्हा जुळवा. पिना परत अलगद बसल्या तरच, त्या काढून सेल मारा.

आणि वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तोही आत्ताच बदला.